आरमाराला डोळे देणारा फेअरी

लिस्बनच्या बेलें भागातील नौदल संग्रहालयात एक जुने दुपंखी विमान उभे आहे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, आणि चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांबट फ्लोट. त्याचे नाव 'सांता क्रूझ'. १९२२ साली गागो कूतिन्यु आणि साकादुरा काब्राल हे दोन पोर्तुगीज नौदल अधिकारी लिस्बनहून निघून याच विमानाने रिओ द जानेरोला उतरले आणि दक्षिण अटलांटिक महासागर प्रथमच हवेतून ओलांडला गेला. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात शिकलेल्या जुन्या पिढीला ही दोन नावे अपरिचित नसतील. हे विमान ज्याने घडवले, त्या माणसाचे नाव मात्र त्या जयघोषात मागे राहिले. चार्ल्स रिचर्ड फेअरी हे ते नाव.

त्या प्रवासाला खरे तर तीन विमाने लागली. ३० मार्च १९२२ रोजी निघालेले 'लुझितानिया' १८ एप्रिलला महासागराच्या मधोमध असलेल्या सेंट पीटर आणि सेंट पॉल खडकांपाशी उतरताना मोडले आणि बुडाले. दुसऱ्याचे इंजिन मे महिन्यात बंद पडले; दोघे वैमानिक पाण्यावर तरंगणाऱ्या त्या विमानात नऊ तास बसून होते, तेव्हा एका ब्रिटिश मालवाहू जहाजाने त्यांना उचलले. तिसरे 'सांता क्रूझ' १७ जूनला रिओला पोहोचले. तिन्ही 'फेअरी थ्री' या एकाच कुळातली. त्याच वर्षी पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, या कुळातले आणखी एक विमान कलकत्त्याहून पृथ्वीप्रदक्षिणेच्या पुढच्या टप्प्यावर निघाले आणि बंगालच्या उपसागरात कोसळले. नॉर्मन मॅकमिलन आणि जेफ्री मॅलिन्स हे दोघे भरती-ओहोटीच्या प्रवाहात, गळक्या फ्लोटांना धरून राहिले आणि अखेरीस एका नौकेने त्यांना वाचवले. ज्या माणसाच्या विमानाने आपल्याला समुद्रात सोडले, त्याच माणसाकडे मॅकमिलन पुढे मुख्य चाचणी वैमानिक म्हणून नोकरीला राहिले. पाण्यात पडल्यावरही विमान काही काळ तरी माणसाला सांभाळते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

फेअरींचा जन्म ५ मे १८८७ रोजी लंडनच्या वायव्येस असलेल्या हेंडन येथे झाला. वडील एका व्यापारी पेढीत कारकून. ते लवकर वारले आणि घरची सुबत्ता त्यांच्याबरोबर गेली. मर्चंट टेलर्ससारख्या नामांकित शाळेत शिकणाऱ्या मुलाला पंधराव्या वर्षी शाळा सोडावी लागली. विजेचे दिवे बनवणाऱ्या एका कंपनीत तो आठवड्याला पाच शिलिंगांवर उमेदवारी करू लागला. रात्री फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात तास आणि दिवसा तारांचे काम, असा त्याचा दिनक्रम होता. थोड्याच वर्षांत त्याच्यावर हेशम बंदराच्या गोद्यांमध्ये विजेचे दिवे बसवण्याची जबाबदारी आली. पुढे फिंचलीच्या वीजकेंद्रात नोकरी आणि संध्याकाळी विद्यार्थ्यांना शिकवणे सुरू झाले. हा तरुण साडेसहा फुटांच्या आसपास उंच होता. विमानांच्या अरुंद बैठकांत त्याला स्वतःला बसणे कधीच सोयीचे झाले नसावे.

विमानांकडे तो वळला तो खेळण्यांच्या वाटेने. १९१० साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये छोट्या प्रतिकृती विमानांची स्पर्धा झाली. फेअरीच्या प्रतिकृतीने ती जिंकली आणि गॅमेजेस या प्रसिद्ध दुकानाने तिचे हक्क विकत घेतले. खेळणे खपू लागले तेव्हा लक्षात आले की, त्याची रचना जॉन विल्यम डन यांच्या पेटंटला छेद देते. डन हे सैन्यातून निवृत्त झालेले, शेपटीविना स्थिर उडणाऱ्या विमानाच्या मागे लागलेले विलक्षण गृहस्थ. पुढे स्वप्ने आणि काळ यांवरील पुस्तकामुळे ते वेगळ्याच कारणाने गाजले. दुसरा कुणी असता तर वकिलाची नोटीस धाडता. डन यांनी या तरुणाला आपल्याकडे कामालाच बोलावले. तेथून फेअरी शॉर्ट बंधूंच्या कारखान्यात गेले. ब्रिटिश नौदलासाठी पाण्यावर उतरणारी विमाने तेव्हा मुख्यतः तेथेच बनत.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा फेअरींना सैन्यात जायचे होते. नौदलाच्या हवाई विभागाचे प्रमुख मरे स्यूटर यांनी त्यांना वेगळा मार्ग दाखवला: लढणारे पुष्कळ आहेत, विमाने बांधणारे थोडे. जुलै १९१५ मध्ये फेअरी एव्हिएशन कंपनी स्थापन झाली. पहिले काम होते शॉर्टच्याच आराखड्याची बारा विमाने बांधून देण्याचे. लंडनच्या पश्चिमेस हेझ येथे कारखाना उभा राहिला. कारागिरांत आणि तंत्रज्ञांत जर्मन आक्रमणापुढे देश सोडून आलेले बरेच बेल्जियन होते. अर्नेस्ट टिप्स त्यांपैकीच एक. पुढे फेअरींनी बेल्जियममध्ये काढलेल्या कारखान्याची धुरा त्यांनीच वाहिली.

त्या काळी आरमारापुढे एक अगदी साधी पण जीवघेणी अडचण होती. युद्धनौकेच्या तोफा क्षितिजापलीकडे मारा करू शकत, पण क्षितिजापलीकडचे दिसत नसे. शत्रूचा ताफा कुठे आहे, किती आहे, कुठल्या दिशेने निघाला आहे, हे उंचावरून पाहून सांगणारा डोळा हवा होता. पाण्यावरून उडणारे विमान लाटा उसळल्या की निरुपयोगी. म्हणून जहाजाच्या सपाट डेकवरूनच विमान उडवायचे, असा विचार पुढे आला. फेअरींनी १९१७ साली बांधलेले 'कॅम्पेनिया' हे जहाजावरून वापरण्याच्या उद्देशानेच मुळापासून आखलेले पहिले विमान मानले जाते. ते ज्या जहाजासाठी बांधले, त्याचेच नाव त्याला मिळाले. जुन्या प्रवासी जहाजावर लाकडी डेक चढवून ते तयार केले होते. विमानाला फ्लोट असत. उड्डाणापुरता चाकांचा गाडा खाली लावायचा, तो डेकवरून धावे आणि विमान सुटले की मागे राही. परतताना मात्र समुद्रावर उतरायचे आणि यारीने वर ओढून घ्यायचे.

थोडक्या लांबीच्या डेकवरून जड विमान उचलायचे तर पंखांना जादा उचल हवी. फेअरींनी यासाठी शोधलेली युक्ती पुढे प्रत्येक विमानाच्या अंगवळणी पडली. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी फळी लांबवर बसवायची. उडताना आणि उतरताना दोन्ही बाजूंच्या फळ्या एकत्र खाली करायच्या, म्हणजे पंखाचा बाक वाढतो आणि कमी वेगातही विमान तरते. वळताना त्याच फळ्या उलटसुलट हलवायच्या. आज विमानाच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला उतरण्याआधी पंखाची मागची कड खाली सरकताना दिसते, तिचे हे आरंभीचे रूप.

१४ सप्टेंबर १९१७ रोजी 'एन-१०' नावाचे प्रायोगिक विमान उडाले. फेअरी थ्री कुळाचे मूळ ते. फेअरींच्या हट्टाची पहिली खूण येथे दिसते. त्या दशकात कारखानदार दरवर्षी नवा आराखडा काढत आणि जुना टाकून देत. फेअरींनी मात्र एकच सांगाडा धरून ठेवला आणि त्याच्यावर वर्षानुवर्षे काम केले. थ्री-ए चाकांवर, विमानवाहू नौकेसाठी. थ्री-बी फ्लोटांवर, बॉम्ब टाकण्यासाठी. थ्री-सी मध्ये रोल्स-रॉइसचे ३७५ अश्वशक्तीचे ईगल इंजिन. हे शेवटचे १९१९ साली उत्तर रशियाच्या मोहिमेत कामी आले. मूळचे एन-१० कंपनीने सरकारकडून परत विकत घेतले आणि त्याच वर्षी बोर्नमथच्या श्नायडर चषक शर्यतीत उतरवले. दाट धुक्याने शर्यतीचाच बोजवारा उडाला.

युद्ध संपले आणि मागणी आटली. सॉपविथसारखी मातब्बर कंपनी १९२० साली बंद पडली. फेअरी तगले, याचे मोठे श्रेय थ्री-डी या चौथ्या रूपाला द्यावे लागेल. १९२० मध्ये ते प्रथम उडाले आणि दोनशेहून अधिक बांधले गेले. पोर्तुगीजांनी अटलांटिकसाठी निवडले ते हेच. १९२४ साली ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलातील गोबल आणि मॅकिन्टायर यांनी थ्री-डीने आपल्या खंडाची किनाऱ्याकिनाऱ्याने ४४ दिवसांत प्रदक्षिणा केली. १९२६ साली पुलफर्ड यांच्या नेतृत्वाखाली चार विमाने कैरोहून केपटाउनला जाऊन, तेथून परत फिरून थेट इंग्लंडला पोहोचली. ३० ऑक्टोबर १९२५ रोजी 'व्हिंडिक्टिव्ह' या युद्धनौकेवरून याच जातीचे विमान यांत्रिक गोफणीने, म्हणजे कॅटपल्टने, समुद्रात असताना फेकून उडवण्यात आले.

या विमानांतले काम कसे चाले, हे समजून घेतल्याशिवाय त्यांची थोरवी कळत नाही. उघड्या कप्प्यांत एकामागे एक तिघे बसत: वैमानिक, निरीक्षक आणि बिनतारी संदेश पाठवणारा, जो वेळप्रसंगी मागची बंदूकही चालवी. खरा भार मधल्या माणसावर. खाली खुणेला झाड नाही, रस्ता नाही. वारा विमानाला किती ढकलतो आहे, हे लाटांकडे आणि पाण्यात टाकलेल्या धुराच्या खुणेकडे पाहून ताडायचे, गुडघ्यावरच्या फळीवर नकाशा आखायचा आणि दोन-तीन तासांनी परतताना जिथून निघालो ती नौका जिथे असेल तिथे पोहोचायचे. नौका जागेवर थांबलेली नसते. आणि शत्रूच्या कानावर जाऊ नये म्हणून बिनतारीवरून विचारण्याचीही अनेकदा सोय नसते. गणित चुकले तर इंधन संपेपर्यंत रिकामा समुद्र. म्हणूनच अशा विमानात वेगापेक्षा भरवसा मोठा ठरे. हळू उडता यावे, डेकवर मऊ उतरता यावे, पंख मुडपून नौकेच्या पोटात मावावे. मॅकमिलन यांनी १९ मार्च १९२६ रोजी प्रथम उडवलेल्या थ्री-एफ मध्ये हे सारे गुण एकवटले. ते सहाशेहून अधिक बांधले गेले. 'फ्युरिअस', 'ईगल', 'करेजस', 'ग्लोरिअस' अशा नौकांवरून ते वर्षानुवर्षे उडत राहिले.

याच सुमारास फेअरी आणि ब्रिटिश हवाई खाते यांचे बिनसले होते. खात्याने घातलेल्या अटींत बसवून फेअरींनी 'फॉन' नावाचे बॉम्बफेकी विमान दिले होते. ते युद्धातल्या जुन्या विमानांहूनही मंद निघाले. इंधनाच्या टाक्या वरच्या पंखावर बसवाव्यात अशी अट असेल, तर दुसरे काय होणार? १९२३ साली काउझ येथील श्नायडर शर्यत अमेरिकनांनी कर्टिस डी-१२ इंजिनाच्या बळावर सहज जिंकली. फेअरींनी त्या इंजिनाचा निमुळता, अरुंद चेहरा पाहिला आणि ते अमेरिकेला गेले. स्वतःच्या पैशांनी पन्नास इंजिने आणि ती बनवण्याचा परवाना घेऊन परतले. त्या इंजिनाभोवती, कुणीही मागणी केली नसताना, त्यांनी 'फॉक्स' हे विमान बांधले. जानेवारी १९२५ मध्ये ते उडाले. फॉनपेक्षा ते ताशी चाळीस मैलांनी वेगवान होते आणि त्या काळची लढाऊ विमाने त्याला गाठू शकत नव्हती. हवाई दलप्रमुख ट्रेंचर्ड यांनी ते पाहून एका स्क्वाड्रनपुरती मागणी नोंदवली. बाराव्या स्क्वाड्रनला ती विमाने मिळाली आणि कोल्ह्याचे डोके हे तिचे चिन्ह बनले.

मागणी मात्र तेवढ्यावरच थांबली. अवघी अठ्ठावीस विमाने बांधली गेली. परदेशी इंजिन आणून खात्याचे आणि देशी कारखानदारांचे अपुरेपण जगापुढे मांडले, हा अपराध खात्याने पचवला नाही. त्याच अमेरिकन इंजिनाच्या अभ्यासातून पुढे रोल्स-रॉइसचे केस्ट्रेल जन्मले आणि केस्ट्रेल बसवलेल्या हॉकर हार्टने फेअरींच्या सुधारित फॉक्सला स्पर्धेत मागे टाकले. हार्ट उत्तम विमान होते, यात वाद नाही. पण वाट ज्याने तुडवली त्याला वाटेचा टोल भरावा लागला. फेअरी हे बोलून दाखवणारे गृहस्थ होते; त्यांच्या फटकळपणाने प्रकरण अधिक चिघळले, हेही खरे.

खात्याच्या कामांना त्यांनी पाठ मात्र फिरवली नाही. लांब पल्ल्याचे एकपंखी विमान त्यांनी हवाई दलासाठी बांधले. २४ एप्रिल १९२९ रोजी जोन्स-विल्यम्स आणि जेन्किन्स ते घेऊन इंग्लंडमधील क्रॅनवेलहून निघाले. गाठायचे होते थेट बंगळूर. प्रतिकूल वाऱ्याने इंधन खाल्ले आणि पन्नासहून अधिक तासांनी ते कराचीला उतरले. इंग्लंडहून भारतात कुठेही न थांबता आलेले ते पहिले विमान. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेकडे जाताना ट्यूनिसजवळच्या डोंगरावर ते आदळले आणि दोघेही ठार झाले. त्याच जातीच्या दुसऱ्या विमानाने १९३३ साली क्रॅनवेल ते वॉल्विस बे हे अंतर एका दमात कापून विक्रम केला.

जुन्या थ्री-एफच्या वाट्यालाही एक अनपेक्षित भूमिका आली. विमानविरोधी तोफा आकाशातले लक्ष्य पाडतीलच, असा नौदलात अनेकांना विश्वास होता. १९३२ साली तीन थ्री-एफ रेडिओने चालतील असे बदलण्यात आले आणि त्यांना 'फेअरी क्वीन' म्हटले गेले. पहिली दोन उडताच पडली. तिसऱ्यावर आरमाराने दोन तास तोफा डागल्या. विमान सुखरूप परतले. तोफखान्याला ही नामुष्की आणि विमान बांधणाऱ्याला ही पावती, दोन्ही एकाच दुपारची.

तिशीच्या दशकाच्या आरंभी ग्रीक नौदलाला थ्री-एफच्या जागी नवे विमान हवे होते. फेअरींनी पुन्हा स्वतःच्या जोखमीवर आराखडा करवला. मार्सेल लोबेल हे त्यांचे बेल्जियन आरेखक. पहिला नमुना सप्टेंबर १९३३ मध्ये गिरक्या खात कोसळला, वैमानिक छत्रीने वाचला. दुसरा १७ एप्रिल १९३४ रोजी उडाला, आणि तो म्हणजे 'स्वोर्डफिश'. टेहळणी करावी, तोफांच्या माऱ्याची खूण द्यावी आणि पाणतीरही सोडावा, अशी तिन्ही कामे एकाच दुपंखी विमानाने करायची. एकपंखी धातूच्या विमानांच्या जगात ते जन्मतःच म्हातारे दिसे. पण ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री 'इलस्ट्रिअस' वरून उडालेल्या एकवीस स्वोर्डफिशांनी इटलीच्या तारांतो बंदरात तीन युद्धनौकांना पाणतीरांनी भेदले आणि स्वतःची दोनच विमाने गमावली. पुढच्या मे महिन्यात 'आर्क रॉयल' वरच्या स्वोर्डफिशांनीच 'बिस्मार्क' चे सुकाणू निकामी केले.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडायला हवा. त्याच कारखान्यातून निघालेले 'बॅटल' हे बॉम्बफेकी १९४० पर्यंत कालबाह्य झाले होते. १२ मे १९४० रोजी, एके काळी फॉक्स उडवणाऱ्या त्याच बाराव्या स्क्वाड्रनची पाच बॅटल अल्बर्ट कालव्यावरच्या पुलांवर धाडली गेली. एकही धडपणे तळावर उतरले नाही. युद्धाने फेअरींच्या घरातही हात घातला. त्यांचा मुलगा रिचर्ड हाही वैमानिक. अटलांटिकमध्ये त्याचे जहाज पाणबुडीने बुडवले. बचाव नौकेतल्या थंडीने त्याचे दोन्ही पाय गेले. पुढे तो कृत्रिम पायांनी पुन्हा विमान चालवू लागला.

फेअरींना १९४२ साली 'सर' ही पदवी मिळाली. त्या वर्षापासून ते वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश हवाई आयोगाचे प्रमुख होते. अमेरिकेकडून विमाने मिळवण्याचे काम त्यांच्याकडे होते. आणि ते असे सरकारच्याच सेवेत समुद्रापार असताना सरकारने त्यांचे मैदान घेतले.

त्या मैदानाची हकीकत थोडी मागून सांगावी लागते. १९२८ साली हवाई खात्याने नॉर्थोल्टचे धावक्षेत्र सोडायला सांगितले, तेव्हा कंपनीला चाचण्यांसाठी जागा उरली नाही. मॅकमिलन यांना आठवले की, १९२५ मध्ये इंजिन बिघडल्याने ते हेझपासून थोड्याच अंतरावरच्या एका शेतात उतरले होते आणि ती जमीन अगदी सपाट होती. फेअरींनी तेथील पाद्र्यांकडून सुमारे दीडशे एकर जमीन पंधरा हजार पौंडांना घेतली, पुढे आजूबाजूची आणखी घेतली, गवत इतके निगुतीने राखले की रॉयल एरोनॉटिकल सोसायटी तेथे दरवर्षी उद्यानमेळावा भरवू लागली. पुढेमागे संपूर्ण कारखाना येथेच आणायचा, असा त्यांचा मनसुबा होता. कोबी आणि मुळ्याच्या वाफ्यांतल्या त्या वस्तीचे नाव हीथ्रो.

१९४४ साली युद्धकालीन अधिकारांचा वापर करून ते मैदान ताब्यात घेण्यात आले. कारण सांगितले लष्करी विमानतळाचे. तत्कालीन हवाई उपमंत्री हॅरल्ड बाल्फर यांनी बऱ्याच वर्षांनी आत्मचरित्रात मान्य केले की, हेतू पहिल्यापासून नागरी विमानतळाचा होता आणि लष्करी गरज पुढे केली ती चौकशी आणि अपिले टाळण्यासाठी. युद्धकाळाच्या कायद्याखाली भरपाईही तत्काळ देण्याचे बंधन नव्हते. कंपनीची चाचणी-उड्डाणे आधी हेस्टनला आणि मग दूर व्हाइट वॉल्थमला गेली. कारखाना हेझला, धावपट्टी कित्येक मैलांवर, अशी फरफट पुढे कायमची झाली.

युद्धानंतर फेअरींची प्रकृती ढासळली. हॅम्पशायरमधील बॉसिंग्टनची इस्टेट, टेस्ट नदीवरची मासेमारी आणि शिडाच्या नौकांच्या शर्यती यांत ते रमत. 'शॅमरॉक फाइव्ह' ही नामांकित शर्यतनौका त्यांनी जुने मित्र आणि प्रतिस्पर्धी सॉपविथ यांच्याकडून घेतली होती. १० मार्च १९५६ रोजी त्यांच्या कंपनीच्या 'डेल्टा टू' विमानाने पीटर ट्विस यांच्या हाती ताशी ११३२ मैलांचा वेग गाठून जागतिक विक्रम केला. ताशी हजार मैलांच्या पुढे गेलेला तो पहिलाच विक्रम. ३० सप्टेंबर १९५६ रोजी फेअरींचे निधन झाले. हीथ्रोचा दावा तेव्हाही लोंबकळत होता.

१९६० साली त्यांची विमान कंपनी वेस्टलँडमध्ये विलीन झाली. भरपाईचा तंटा मिटला तो १९६४ साली, सुमारे सोळा लाख पौंडांवर. हीथ्रोवर फेअरींनी बांधलेली विमानशाळा तोवर विमानतळाचे अग्निशमन केंद्र म्हणून वापरात होती. त्याच वर्षी ती पाडण्यात आली.